वर्गात कृतज्ञतेचा सराव कसा घ्यावा

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं त्याला सांगतात. ज्या खांद्यावर वर्षभर जू होतं, मान त्याच खांद्याचा. शाळेतल्या सरावालाही असाच नेमकेपणा हवा.

नागपुरात सुरुवातीला तान्ह्या पोळ्याचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लाकडी बैलांचा मुलांचा सण) आठवडा बरा. शाळा जूनअखेर उघडलेली असते, तोवर वर्ग रुळतो. आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी परिपाठानंतर, दहा मिनिटं ठेवा. रोज घेतलं की लवकरच ते शुद्धलेखनासारखं उरकलं जातं, असं माझं मत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र सहावी-सातवीच्या २२१ मुलांपैकी एका गटाने दोन आठवडे रोज कृतज्ञतेची नोंद केली. रोजच्या कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा ही मुलं शाळेबद्दल जास्त समाधानी दिसली.

खरी मेख प्रश्नात आहे. 'तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?' असं विचारलंत तर चाळीस वह्यांत आई-बाबा, देव आणि (तुम्ही समोर उभे असल्यामुळे) सर किंवा मॅडम येतील. त्याऐवजी विचारा: या आठवड्यात तुझं काम कोणी सोपं केलं? त्यानं नेमकं काय केलं? त्याला ते करायलाच हवं होतं का? मग उत्तरं जिवंत होतात. सायकलची चेन उतरली तेव्हा थांबलेला मित्र, न मागता गणिताची वही देणारी बाकावरची मैत्रीण, खिचडी दुसऱ्यांदा वाढणाऱ्या ताई. लहान वर्गांत लिहायला लावू नका. चित्र काढू द्या किंवा बोलू द्या. पहिलं उत्तर फळ्यावर तुमचं स्वतःचं असू द्या.

महिन्यातून एकदा त्यातलं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून त्या माणसापर्यंत पोहोचवायचं. शिपाई काका, ऑटोवाले काका, स्वयंपाकी ताई यांना अशी चिठ्ठी क्वचितच मिळते.

वहीला गुण नाहीत, लाल शाई नाही, परवानगीशिवाय मोठ्याने वाचन नाही. पान कोरं ठेवायची मुभा हवी. घरात कुणी गेलं असेल, भांडणं चालू असतील, तर 'तुझ्याकडे किती आहे बघ' हे वाक्य मुलाला टोचतं. लिखाणातून मारहाण किंवा छळ दिसला तर तो उपक्रमाचा विषय राहत नाही: मुख्याध्यापकांना सांगा, चाइल्ड हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा. आणि नळाला पाणी नाही अशी तक्रार मुलांनी केली, तर त्यांना आभार मानायला शिकवू नका, नळ दुरुस्त करून घ्या.

सात-आठ आठवड्यांनी तीच ती नावं येऊ लागली की सराव थांबवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर नवा प्रश्न घेऊन पुन्हा सुरू करता येतो.