जर्मनीत नवीन आलात? केस कुणाच्या हातात द्यायचे ते आधी ठरवा

दरवर्षी ऑक्टोबरात सेमिस्टर सुरू झालं की म्युनिकच्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न पडतोच, "चांगला, स्वस्त आणि इंग्लिश बोलणारा हेअरस्टायलिस्ट सुचवा". आणि खाली धडाधड नावं पडतात, त्यातली निम्मी टाकणारे स्वतः डिसेंबरात पुण्याला जाऊन केस कापून येतात हे मला पक्कं माहितीये. तेव्हा नावं मागू नका, पारख करायला शिका. नावं तशीही बदलतात, चांगला माणूस सलून सोडतो आणि रेटिंग मात्र सलूनचंच राहतं.

सगळ्यात आधी, इथे सलून कुणीही उठून काढू शकत नाही. साधारण तीन वर्षांची आउसबिल्डुंग (म्हणजे कामासोबतचं धंदेशिक्षण), मग परीक्षा, आणि सलून चालवायचं तर सहसा माइस्टर, म्हणजे त्यापुढची वरची परीक्षा पास झालेला कारागीर लागतो, स्वतः मालक किंवा नोकरीला ठेवलेला. बऱ्याच ठिकाणी माइस्टरचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर असतं, ते दिसलं तर बरं. पण त्यावर भाळून जाऊ नका. हात तयार आहे एवढंच त्यातून कळतं, आपल्यासारखे दाट काळे केस त्या हाताखालून किती गेलेत ते नाही कळत.

माझी कसोटी एकच आहे. खुर्चीत बसल्यावर तो किंवा ती किती प्रश्न विचारते? जी बाई केस ओले करायच्या आधी कोरडे बघते, बोटात धरून ओढून बघते, शेवटचा रंग कधी लावला, स्ट्रेटनिंग केलंय का, ॲलर्जी आहे का, घरी रोज किती वेळ देणार हे विचारते, तिच्याकडे परत जा. आणि जी "हे तुमच्या केसांवर होणार नाही, निदान आज तरी नाही" असं तोंडावर सांगते तिला तर सोडूच नका. फोटो दाखवल्यावर लगेच "हो हो होईल" म्हणणारी मला नको. काळ्याभोर केसांवरून राखाडी-सोनेरी एका बसणीत होत नाही, कुणाच्याच हातून नीट होत नाही. आणि आधी लावलेला रंग वर फिका रंग लावून फिका होत नसतो, तो काढावाच लागतो, म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही.

आता मेंदी. हे नीट वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

आपल्याला मेंदी म्हणजे रंग वाटतच नाही. आई लावते, मावशी लावते, थंडाव्यासाठी लावतो. त्यामुळे स्टायलिस्टने "केसांना रंग लावलाय का" विचारलं की आपण खरं बोलतोय असं समजून "नाही, नॅचरल आहेत" सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने नेमकं हेच केलं. भावाच्या लग्नाआधी हायलाइट्स करायला गेली, चार महिन्यांपूर्वी गावाहून आणलेलं पाकीट लावलं होतं त्याबद्दल अवाक्षर नाही. ब्लीच लावून फॉइल गुंडाळलं आणि थोड्या वेळाने ती म्हणायला लागली की डोकं गरम होतंय. धुतलं तेव्हा पुढच्या बटा हातात आल्या. मग दुरुस्तीला काहीशे युरो गेले आणि लग्नात गजरा माळायला पुढे केसच नव्हते, सगळे फोटो एका बाजूने काढले.

कारण असं की शुद्ध मेंदी स्वतः फार काही करत नाही, फक्त ब्लीचने तिचा रंग कसा निघेल याचा भरवसा नसतो. त्यात नीळ, म्हणजे इंडिगोची पूड मिसळलेली असेल तर हिरवट छटा येऊ शकते. खरा धोका धातूंचे क्षार घातलेल्या पाकिटांचा. ते ब्लीचमधल्या पेरॉक्साइडला भेटले की उष्णता तयार होते आणि केस जळतो. आणि "काळी मेंदी" म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफिनायलिनडायअमिन, हेअरडायमधलंच रसायन. कधी लग्नात हातावर काळी मेंदी काढून खाज, फोड आले असतील तर ते स्टायलिस्टला सांगायलाच हवं, कारण मग साध्या डायनेही तोंड सुजू शकतं. युरोपात डायमध्ये पीपीडी किती चालेल याला मर्यादा आहे, लावतानाच्या मिश्रणात जास्तीत जास्त 2 टक्के, पण एकदा ॲलर्जी झालेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. बाकीच्यांनी हातावर थोडा रंग लावून 48 तास वाट बघायची टेस्ट मागा. "कशाला हवी" म्हणाले तर उठा.

धातूची शंका असेल तर चांगलं सलून एक छोटी बट कापून घेतं, 20 भाग 6 टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये 1 भाग अमोनिया घालून त्यात ठेवतं आणि अर्धा तास बघतं. गरम झालं, बुडबुडे आले, रंग बदलला की विषय संपला, ते केस वाढून कापले जाईपर्यंत ब्लीच नाही. म्हणून पुन्हा सांगते, विचारो न विचारो, "हेना" हा शब्द तोंडातून निघाला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी लावली असेल तरी. लांब केसांच्या टोकाला ती अजून असते!

दुसरी माझी जुनी तक्रार म्हणजे दातेरी कात्री. इथल्या लोकांना आपले दाट केस दिसले की ते विरळ करायची हौस येते. सलूनमधून निघताना मस्त हलकं वाटतं, दीड महिन्याने आतले छोटे केस उभे राहतात आणि डोकं फुलून येतं. "निश्ट आउसड्युनन", म्हणजे विरळ करू नका, एवढं पाठ करा. आणि फक्त टोकं कापायची असतील तर "नुअर दी श्पिट्झन", सोबत बोटांनी किती ते दाखवा, सेंटिमीटर बोलून काही होत नाही.

भाव दारावर किंवा काचेवर लावायचा इथे नियमच आहे, बाहेर उभं राहून वाचा. आकड्याआधी "आब" लिहिलं असेल तर तो सुरुवातीचा भाव, लांब दाट केसांना वरचाच लागतो, त्यामुळे बसण्याआधी एकूण किती होईल ते विचारा. ड्रायरचे कधीकधी वेगळे. टीप पाच-दहा टक्के, शक्यतो रोख. विद्यार्थी असाल तर शिकाऊ लोकांसाठी मॉडेल हवेत अशा जाहिराती शोधा, शिकवणारी व्यक्ती बाजूला उभी असते, वेळ दुप्पट लागतो पण काम जपून होतं.

आता आपलीच माणसं. कुणी ताई घरी किचनमध्ये कापून देतात, चहा मिळतो, गप्पा होतात. भुवया थ्रेडिंग करा खुशाल, त्याला माइस्टर लागत नाही, रीतसर नोंदणी केली की झालं. पण घरगुती केस कापणं, त्यातही रंग आणि केराटिन (केस सरळ, मऊ करायची ट्रीटमेंट), यापासून लांब राहा. बिल नाही, विमा नाही, डोळ्यात काही गेलं तर कुणाला धरणार? आणि ओळखीतल्या माणसाशी भांडताही येत नाही, पुढच्या गणपतीत आरतीला शेजारीच उभं राहायचं असतं. तिकडून बॅगेत आणलेली केराटिनची बाटली तर नकोच, फॉर्मल्डिहाइडला युरोपात कॉस्मेटिकमध्ये बंदी आहे आणि त्या बाटलीत काय आहे ते त्या ताईंनाही माहीत नसतं.

आल्यावर केस गळतात, सगळे पाण्याला शिव्या घालतात. म्युनिकचं पाणी जड आहे खरं, केस राठ होतात, पण मुळापासून गळणं बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या धावपळीचं, आजारपणाचं किंवा खाण्याच्या हालांचं असतं. सलूनवाल्यांची महागडी बाटली घेण्याआधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जाऊन लोह, थायरॉइड तपासा.

पुरुषांनो, तुम्हाला स्टेशनजवळच्या गोएथेश्ट्रासे, लांडवेअरश्ट्रासेच्या आसपासचे बार्बर पुरे. मशीनचे मिलिमीटर सांगा, वस्तरा नवीन पात्याचा आहे का बघा. बाळाचं जावळ काढायचं असेल तरी अशाच बार्बरकडे आधी विचारून घ्या, जर्मन सलूनमध्ये तान्ह्याचं डोकं भादरायचं म्हटलं की घाबरतात. मामाला मांडी घालून बसायला जागा आहे का तेही विचारा.

बिघडलंच तर रडत घरी जाऊ नका. फोटो काढा, पावती ठेवा, आणि त्याच सलूनला आधी दुरुस्त करायची संधी द्या, कायद्याने सहसा ती द्यावीच लागते. नाही ऐकलं तर हांडवेअर्क्सकामरकडे, म्हणजे कारागिरांच्या अधिकृत मंडळाकडे तक्रार करता येते, ते मध्यस्थी करतात. टाळू भाजली असेल तर मात्र आधी डॉक्टर. आणि सोमवारी बऱ्याच सलूनना सुट्टी असते, रविवारी तर सगळंच बंद, तेव्हा टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मंगळवार ते शुक्रवार दुपारचा घ्या, शनिवारी त्यांना प्रश्न विचारायलाही वेळ नसतो.