वाचनवर्गात शिकवायला जाताय? आधी गप्प बसायला शिका

मुलांच्या वाचनवर्गात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलं की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. ‘मुलांवर माया हवी, बाकीचं आपोआप येतं.’ ‘आधी बाराखडी घोटून घ्या.’ ‘चूक तिथल्या तिथे सुधारा, नाहीतर ती पक्की होते.’ यातला पहिला सल्ला अपुरा आहे, दुसरा अर्धवट आणि तिसरा सरळ घातक. स्वयंसेवक प्रेमळ असूनही मुलांचं वाचन वर्षभर जागचं हललं नाही, असे वर्ग मी पुष्कळ पाहिलेत. बहुतेक ठिकाणी अडचण एकच होती. शिकवणारा फार बोलत होता.

जाण्याआधी

जेवढं झेपेल तेवढंच कबूल करा. महिनाभर रोज येऊन मग गायब होण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा एक तास, पण वर्षभर, हे कितीतरी बरं. संस्थेचे बालसुरक्षेचे नियम असतात, ते वाचा आणि निमूट पाळा: बंद खोलीत एकट्या मुलासोबत बसायचं नाही, मुलांशी खासगी फोनवर गप्पा नाहीत, पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं तुमच्या मनात येत असेल, तर हे नियम तुमच्यासाठीच केलेले आहेत.

पातळी तपासणं

इयत्ता विचारू नका, वाचून घ्या. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या ‘असर’ या मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणात २००५पासून वापरली जाणारी पद्धत नवख्यालाही जमते. अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट, अशा चार पायऱ्या. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो नीट वाचला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्दांवर उतरायचं, तिथेही जमलं नाही तर अक्षरं. प्रत्येक मुलामागे पाच-सात मिनिटं पुरतात. ही तपासणी एकेकट्याला बाजूला घेऊन करा, चारचौघांत कधीच नको. गट पातळीप्रमाणे पाडा, वयाप्रमाणे किंवा इयत्तेप्रमाणे नको.

मूल पुस्तक नाकाला लावत असेल किंवा फळ्याकडे डोळे बारीक करून बघत असेल, तर शिकवणं थांबवा आणि आधी नजर तपासायला सांगा.

पुस्तक निवडणं

शंभर शब्दांच्या मजकुरात पाचेक चुका होत असतील, तर पुस्तक योग्य आहे. दहाच्या वर गेल्या की ते ठेवून द्या आणि दुसरं काढा. ‘थोडं अवघड असू दे, प्रगती होईल’ म्हणणाऱ्यांनी स्वतः न येणाऱ्या लिपीतलं एक पान वाचून बघावं.

मूल अडतं तेव्हा

सगळं घोडं इथेच पेंड खातं. मलाही हीच पायरी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण यात करायचं फार कमी असतं आणि नेमकं तेच अवघड जातं.

आधी बसायचं कसं ते बघू. समोर बसू नका, शेजारी बसा. पुस्तक दोघांच्या मध्ये, बोट मुलाचं, तुमचं नाही. आणि तुम्ही पुस्तकाकडे बघा, मुलाच्या तोंडाकडे नाही. समोर बसलात की काय होतं ते एकदा नीट पाहा. मूल एक शब्द वाचतं आणि मान वर करून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तुमची भुवई जरा उचलली गेली की शब्द बदलतं, तुम्ही मान डोलावली की पुढे जातं. ते पुस्तक वाचत नाही, तुम्हाला वाचतं. असं मूल तुमच्यापाशी बरं वाचतं आणि घरी गेल्यावर एक ओळही वाचू शकत नाही.

आता मूल एखाद्या शब्दापाशी थांबलं. तुमच्या जिभेवर तो शब्द आलेलाच असतो. गिळा. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. पाच सेकंद किती लांब असतात हे पहिल्यांदा तेव्हाच कळतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एखादा सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि जास्त विचारपूर्वक येऊ लागली. वाचताना तर मुलाला अक्षरं जुळवायची असतात, आवाज जोडायचे असतात आणि त्याचा अर्थही लावायचा असतो. तिथे एका सेकंदात काय होणार?

पाच सेकंद झाले आणि तरी शब्द सुटला नाही, मग सुचवायचं. सुचवायचं म्हणजे सांगायचं नाही. ‘थांबा, सुचवा, शाबासकी द्या’ ही त्रिसूत्री न्यूझीलंडमध्ये पालकांना शिकवण्यासाठी तयार झाली, आणि इतकी साधी दुसरी पद्धत माझ्या पाहण्यात नाही. फक्त कोणत्या अडचणीला काय सुचवायचं, ते ओळखावं लागतं.

मूल नुसतंच गप्प झालं असेल, तर तो शब्द सोडून वाक्य शेवटपर्यंत वाचायला सांगा आणि मग मागे या. बऱ्याचदा पुढचे शब्दच अडलेला शब्द सांगून जातात.

मुलाने भलताच शब्द वाचला असेल, तर वाक्य संपेपर्यंत अजिबात तोंड उघडू नका. समजा, पुस्तकात आहे ‘माकड झाडावरून खाली उतरले’. मुलगी वाचते ‘माकड झाडावरून खाली उडाले’. तुम्ही लगेच ‘उडाले नाही, उतरले!’ म्हणालात तर काम तुम्ही केलंत. वाक्य संपू द्या आणि साध्या आवाजात विचारा, ‘माकड उडालं?’ ती हसते, बोट मागे नेते, ‘उ… उत… उतरले’ म्हणते. आता तिला कळलं की वाचलेलं पटत नसेल तर मागे जाऊन बघायचं असतं. सगळ्या वाचनवर्गात शिकवण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही.

मराठीत तर अर्थावर बोट ठेवणं आणखीच गरजेचं आहे. ‘जगभर’मधला ज आणि ‘पाण्याचा जग’मधला ज कागदावर एकसारखाच दिसतो. उच्चार कोणता ते वाक्यच ठरवतं. नुसतं अक्षराला अक्षर जोडणारं मूल इथे हमखास फसतं, आणि ‘बाराखडी घोटा’वाल्यांकडे त्यावर उत्तर नसतं.

शब्द अर्थात बसतो पण अक्षरांशी जुळत नाही, असं झालं तर तेवढं अक्षर दाखवा आणि ‘हे परत बघ’ म्हणा. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या अशा वेळी नेहमीच्याच. पण ‘घराकडे’ऐवजी ‘घरी’ वाचलं आणि गोष्ट पुढे सरकली, तर सोडून द्या. नुसत्या काटेकोरपणासाठी मुलाला अडवू नका.

दोनदा सुचवूनही आलं नाही, तर शब्द सांगून टाका. मुलाला पिळत बसू नका. सांगितल्यावर ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचून घ्या आणि पुढे चला.

शाबासकी द्यायची ती नेमक्या गोष्टीची. ‘व्हेरी गुड’ने मुलाला काहीच कळत नाही. ‘उडाले जमत नाही हे तुझं तुलाच कळलं, म्हणून मागे गेलीस’ याने कळतं.

थांबणं कुठे निरुपयोगी आहे तेही सांगतो, कारण ही पद्धत शिकलेले काही उत्साही लोक मग कुठेही थांबतात. जे मुलाला शिकवलेलंच नाही, त्यापाशी थांबणं म्हणजे छळ. सगळ्यात मोठा गुन्हेगार र. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत तो चार रूपांत येतो. त्यात रफार तर लिहायचा एका अक्षरावर आणि म्हणायचा त्याच्या आधी. ‘गर्दी’ला ‘गदरी’ म्हणणारं मूल बेफिकीर नसतं, ते डोळ्यांना दिसलं त्या क्रमाने प्रामाणिकपणे वाचत असतं. तिथे पाच मोजून काही होणार नाही. सरळ सांगा, पाटीवर ‘वर्ग, गर्दी, सर्व, अर्धा’ लिहा, चारही वाचून घ्या आणि पुस्तकाकडे परत या.

आणि एका बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. पुस्तकातल्या ‘पाणी’ला मूल ‘पानी’ म्हणालं, ‘होतं’ला ‘व्हतं’ म्हणालं, तर ती वाचनाची चूक नाही. मुलाने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या बोलीत म्हटला. म्हणजे वाचन उत्तम झालं. तिथे टोकणारा स्वयंसेवक वाचन शिकवत नसतो, मुलाला त्याच्या घराची लाज वाटायला शिकवत असतो. प्रमाण उच्चार पुढे लिहिताना, ऐकताना येतातच.

मोठी मुलं

तेरा-चौदा वर्षांचं, वाचता न येणारं मूल तुम्हाला तसं कधी सांगणार नाही. ते पुस्तकं वाटायला मदत करेल, घसा बसलाय म्हणेल, नेमकी पाळी आली की पाणी प्यायला जाईल, किंवा दंगा करून वर्गाबाहेर निघेल. बाहेर काढलेला मुलगा म्हणून मिरवणं त्याला परवडतं, वाचता न येणारा म्हणून परवडत नाही. तेव्हा दंगा कधी सुरू होतो याची वेळ बघत जा.

अशा मुलासमोर ‘पहिलीसाठी’ असं छापलेलं पुस्तक ठेवलंत तर तो परत येणार नाही. मजकूर सोपा हवा, विषय बाळबोध नको. सामन्याचा धावफलक, त्याच्या आवडीच्या गाण्याचे शब्द, भरायचा अर्ज, एखादं यंत्र वापरायच्या सूचना, यातलं काहीही चालतं. ‘तुला काय वाचता आलं तर उपयोग होईल?’ असं सरळ विचारलं तरी चालतं, फक्त आजूबाजूला कुणी नसताना.

माझा सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र वेगळा आहे. त्याला छोट्यांना गोष्ट वाचून दाखवायचं काम द्या. आता ते लहान मुलांचं पुस्तक हातात धरायला त्याच्याकडे सन्मानाचं कारण आहे, आणि आधी चार वेळा सराव करायलाही. दादा म्हणून समोर बसायचं असलं की रफारसुद्धा बिनबोभाट शिकून होतो. पण तयारी झाल्याशिवाय त्याला छोट्यांसमोर बसवू नका. तिथे एकदा हसं झालं की मागचं सगळं पाण्यात.

बक्षिसं, चॉकलेटं आणि भिंतीवरचा प्रगतीचा तक्ता या तिन्हींच्या मी विरोधात आहे. तक्त्यावर सगळ्यात खाली कुणाचं नाव आहे हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं.

तासाचा शेवट

शेवटची दहा मिनिटं तुम्ही वाचा, मुलांना ऐकू द्या. प्रश्न विचारू नका, तात्पर्य सांगू नका.

वही

मुलं गेल्यावर निघायची घाई न करता प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा. ‘छान वाचतो’ हे पुढच्या माणसाच्या काहीच कामाचं नाही. असं लिहा: ‘स्वतःहून मागे जाते. रफार सांगावा लागतो. “पानी” म्हणते, सुधारू नये. कुत्र्यांच्या गोष्टी आवडतात.’ किंवा: ‘सगळ्यांसमोर वाचायला लावू नये. अर्ज भरायला शिकतोय, पत्त्याच्या रकान्यापर्यंत आलोय.’ तुम्हाला वर्ग सोडायचा असेल तर मुलांना किमान महिनाभर आधी स्वतः सांगा, नव्या स्वयंसेवकाला तुमच्या शेजारी दोन-तीन तास बसवा, आणि ही वही त्याच्या हातात देऊनच जा.