गल्फात किंवा शिपवर निघालात? एम्बसीकडून काम कसं करून घ्यायचं ते वाचून जा

पेडणे-डिचोलीकडची पोरं बाहेर निघाली की घरचे लोणचं, काजूगर सगळं बांधून देतात, पण आपली एम्बसी कुठे आहे ते कुणीच सांगत नाही. ते निघायच्या आधी बघा. राजधानीत एम्बसी, कॉमनवेल्थ देश असेल तर तिलाच हाय कमिशन म्हणतात, आणि इतर मोठ्या शहरात कॉन्सुलेट. कामं एरियाप्रमाणे वाटलेली असतात, म्हणजे शारजात असाल तर अबुधाबीला धावू नका, दुबईचं कॉन्सुलेट गाठा.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस रिपोर्ट, मग कॉन्सुलेट. तिथे नवीन पासपोर्ट हवाय की इमर्जन्सी सर्टिफिकेट ते ठरवून जा, कारण सर्टिफिकेट म्हणजे फक्त घरी यायचा कागद, त्यावर परत ड्युटीवर जाता येत नाही आणि घाबरलेला माणूस नेमका तोच मागतो. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच टाकून ठेवा.

मालक पगार देत नसेल तर नुसते फोन करत बसू नका, लेखी द्या. 2015 पासून परराष्ट्र मंत्रालयाची मदद पोर्टल ही तक्रारीची साईट आहे, त्यावर गावातून घरचेही तक्रार टाकू शकतात.

अटक झाली तर एकच वाक्य, माझ्या कॉन्सुलेटला कळवा. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36, तुमचा हक्क आहे तो. पाकिस्तानने पकडलेल्या कुलभूषण जाधवना आपल्या एम्बसीवाल्यांना भेटू दिलं नाही, तेव्हा 2019 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने पाकिस्तानला याच कलमावरून चुकीचं ठरवलं. मात्र एम्बसी सोडवून आणेल या भ्रमात राहू नका, कायदा तिथलाच चालतो, हे लोक भेटायला येतात, वकील बघायला मदत करतात.

आणि एम्बसीच नसली तर? आपल्या गोव्याचंच बघा ना, गोवा पोर्तुगालकडे असताना भारताने 1953 ला त्यांच्या राजधानीतलं, लिस्बनचं ऑफिस बंद केलं, 1955 ला गोव्यातलं कॉन्सुलेटही, मग दिल्लीत पोर्तुगालचं काम ब्राझीलवाले बघायचे. मुक्तीनंतरही 1974 संपेपर्यंत दोन्ही देशांचे संबंध तुटलेलेच. आता पणजीतच पोर्तुगालचं कॉन्सुलेट आहे. तेव्हा जिथे आपली एम्बसी नाही तिथे शेजारच्या कुठल्या देशातली आपल्यासाठी काम करते ते विचारून ठेवा, शिपवाल्यांनी तर नक्कीच.

पोचल्यावर एम्बसीच्या साईटवर नाव नोंदवा. कटकट वाटते खरी, पण 1990 ला कुवेतमधून दीड लाखाच्या वर भारतीय अम्मानमार्गे आणले, त्यात आपले गोंयकारही होते. तशी वेळ आली तर तुम्ही कुठे आहात हे आधी त्यांना कळायला हवं ना. तिथलं सिमकार्ड बदललं की नोंदणीतला नंबरही बदला.