स्वतः बांधलेली लिनक्स प्रणाली अद्ययावत कशी ठेवावी?

'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या मार्गदर्शक पुस्तकाच्या पद्धतीने सोर्सपासून (म्हणजे मूळ कोडपासून) प्रणाली बांधली, की तिची निगाही आपल्यालाच राखावी लागते. अपडेट आल्याचं सांगायला इथे पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा आणि अद्ययावत ठेवणारा प्रोग्रॅम) नसतो. म्हणून पहिलं काम नोंदवहीचं.

१. साधी टेक्स्ट फाइल पुरते. पॅकेजचं नाव, आवृत्ती, तारीख, लावलेले पॅच (सोर्समधल्या छोट्या दुरुस्त्या) आणि 'कॉन्फिगर'ला, म्हणजे बांधणीआधी चालवायच्या स्क्रिप्टला, दिलेले पर्याय लिहून ठेवा. पर्याय तर हमखास विसरतात.

२. आठवड्यातून एकदा सुरक्षेच्या सूचना वाचा. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी), ब्राउझर, कर्नल (प्रणालीचा गाभा) यांकडे आधी बघा. बाकी पॅकेजं निव्वळ नवी आवृत्ती आली म्हणून बदलायची घाई नको. 2024 मध्ये एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या पॅकेजच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, आणि त्या तेव्हा सगळ्यात ताज्या होत्या! ज्याची नोंदवही जागेवर होती, त्याला आपण त्यात आहोत की नाही हे मिनिटभरात कळलं.

३. सोर्सची डिजिटल सही किंवा चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) तपासा. साध्या युजरने कंपाइल करा आणि आधी 'डेस्टडिर' हा पर्याय देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. कोणत्या फाइल्स कुठे जाणार ते तिथे दिसतं. ती यादी जपून ठेवा, पुढे जुनं पॅकेज काढताना तीच उपयोगी पडते.

४. खरी जोखीम शेअर्ड लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलीत आहे. फाइलचं नाव 'एसओ.1.25'वरून 'एसओ.1.26' झालं, तर सहसा काही करावं लागत नाही. पण 'एसओ.1'चं 'एसओ.2' झालं, की तिच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा. कोण अवलंबून आहे ते 'रीडएल्फ' या कमांडला 'डी' पर्याय देऊन प्रत्येक प्रोग्रॅम तपासला की कळतं. सगळे बांधून होईपर्यंत जुनी लायब्ररी हलवू नका. आणि वापरात असलेल्या लायब्ररीवर 'सीपी' या कॉपी करणाऱ्या कमांडने नवी फाइल कधीच चढवू नका, चालू प्रोग्रॅम जागीच कोसळतात. 'इन्स्टॉल' ही कमांड जुनी फाइल आधी काढते आणि मग नवी ठेवते, म्हणून तीच वापरा.

५. कर्नल एकटा बदलता येतो, बाकी काही पुन्हा बांधावं लागत नाही. मात्र जुना कर्नल बूट मेनूत राहू द्या.

६. जीलिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी, जवळपास सगळे प्रोग्रॅम वापरतात तो सगळ्याचा पाया. तिची नवी आवृत्ती चालू प्रणालीवर चढवण्यापेक्षा मी रिकाम्या पार्टिशनवर अख्खी प्रणाली नव्याने बांधतो. वेळ जातो खरा, पण तोवर जुनी प्रणाली शाबूत असते आणि नोंदवहीतले पर्याय जसेच्या तसे वापरता येतात.