एरिट्रियाच्या रेल्वेचा इतिहास मुंबईत बसून कसा अभ्यासावा

बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ सालची गाडी आणि भोर घाटाचे बांधकाम यांवर मुंबईतील रेल्वेप्रेमींनी इतके वाचलेले असते की, त्यापलीकडचा विषय निवडताना नेमके कोठून सुरुवात करावी हे कळत नाही. ज्यांना निबंध लिहायचा आहे, हौशी मंडळापुढे तासाभराचे व्याख्यान द्यायचे आहे किंवा केवळ एखादा परका लोहमार्ग मुळापासून समजून घ्यायचा आहे, त्यांना मी ईशान्य आफ्रिकेतील एरिट्रिया सुचवतो. तेथील मुख्य मार्ग एकच आहे, त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग अवघा ११८ किलोमीटरचा आहे, आणि त्या भूमीवर पहिल्यांदा जे रूळ पडले त्यांचा मुंबईशी संबंध आहे.

प्रथम कालपट आखून घ्यावा, कारण देशाचे राजकीय स्थान सतत बदलत गेल्याने कागदपत्रे निरनिराळ्या नावांखाली विखुरलेली असतात. १८९० मध्ये इटलीने ‘एरिट्रिया’ ही वसाहत जाहीर केली. त्याआधीचे इंग्रजी दप्तर ‘अ‍ॅबिसिनिया’ या, म्हणजे इथिओपियाच्या जुन्या, नावाखाली शोधावे. १९३६ ते १९४१ या काळात हा प्रदेश इटालियन पूर्व आफ्रिकेचा भाग होता, पुढे १९५२ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात, नंतर इथिओपियाशी संघराज्यात, आणि १९६२ पासून थेट इथिओपियाचा प्रांत. स्वतंत्र देश म्हणून तो १९९३ मध्ये उभा राहिला. त्यामुळे सूचीत केवळ ‘एरिट्रिया’ पाहून परत फिरणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. फोर्टमधील टाऊन हॉलच्या इमारतीतील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या वास्तूतील राज्य पुराभिलेखागार या दोन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी ही सगळी नावे आणि त्यांची वर्षे एका कागदावर लिहून घ्यावीत. मागणीचिठ्ठी भरताना त्याचा फार उपयोग होतो.

अभ्यासाची सुरुवात १८६७-६८ पासून करावी. अ‍ॅबिसिनियाचा सम्राट तेवोद्रोस दुसरा याने ब्रिटिश वकिलासह काही युरोपियनांना कैदेत टाकले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी मुंबई लष्कराचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली मोठी मोहीम निघाली. तांबड्या समुद्रावरील मसावा बंदराच्या दक्षिणेला झुला येथे फौज उतरली. तोफा वाहायला ४४ हत्ती नेले होते आणि पिण्याचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्याची वाफ थंड करून मिळवावे लागत होते. किनाऱ्यावर साचणारे सामान डोंगराच्या पायथ्याशी कुमायलीपर्यंत न्यायचे कसे, या अडचणीतून सुमारे १२ मैलांची रेल्वे टाकण्यात आली. रूळ आणि इंजिने हिंदुस्थानातून, मुख्यतः मुंबईहून, गेली. हे रूळ एकाच नमुन्याचे नव्हते आणि त्यांत वापरलेला मालही होता. घाईने जमवलेल्या साहित्याची लष्करी रेल्वे कशी असते हे पाहायचे असेल, तर यासारखे उदाहरण क्वचितच सापडेल. मोहीम संपल्यावर मेजर हॉलंड आणि कॅप्टन होझियर यांनी संकलित केलेला सरकारी वृत्तान्त १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रेल्वेविषयक भाग बारकाईने वाचावा. लढाईची वर्णने वेळ असल्यास वाचावीत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एप्रिल १८६८ मध्ये तेवोद्रोसचा डोंगरी किल्ला मगदला पडला, फौज परतली आणि तो मार्ग उखडण्यात आला. इटालियनांनी पुढे बांधलेली रेल्वे ही त्याची वाढ नव्हे. दोन्हींमध्ये जवळजवळ वीस वर्षांचे अंतर आहे आणि जागाही वेगळ्या आहेत. ‘मुंबईने एरिट्रियाला रेल्वे दिली’ असे वाक्य टाळ्या मिळवील, पण ते खरे ठरणार नाही.

इटालियन काळाकडे वळताना एक तक्ता करावा: टप्पा, तो सुरू झाल्याचे वर्ष आणि तो कोणाला कशासाठी हवा होता. तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण इतिहास तेथेच आहे. जानेवारी १८८७ मध्ये डोगाली येथे इथिओपियन सैन्याने इटालियन तुकडीचा जवळजवळ पूर्ण नाश केला. त्यानंतर मसावा बंदरापासून साआतीपर्यंतचा मार्ग सैन्य आणि रसद हलवण्यासाठी घाईने टाकला गेला आणि १८८८ मध्ये तयार झाला. १८९६ मध्ये अडवा येथे इटलीचा दारुण पराभव झाला, तेव्हा विस्ताराची घाई ओसरली आणि वसाहत टिकवून धरण्याला महत्त्व आले. गिंडा १९०४ मध्ये जोडले गेले आणि पठारावरील अस्मारा १९११ मध्ये. केरेन १९२२, अगोर्दात १९२८ आणि बिशिया १९३२ हे पुढचे टप्पे सुदानच्या सरहद्दीकडे जातात. तेथील शेतमाल आणि व्यापार मसावा बंदराकडे वळवावा हा त्यामागचा हेतू. सरहद्द मात्र कधीच गाठता आली नाही.

तक्त्यात चौथा रकाना गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, ठेवावा. एरिट्रियाचा गेज ९५० मिलिमीटर; काही जुन्या लेखांत तो एक मीटर दिलेला आढळतो आणि नवखा वाचक तेथे गोंधळतो. इटलीत अंतर एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजून एक मीटर धरत. आपल्याकडे मोजतात तसे आतल्या कडांमधले अंतर घेतले की ९५० मिलिमीटर येतात. शेजारी पाहावे तर सुदानचा गेज १,०६७ मिलिमीटर आणि जिबुतीहून निघून १९१७ मध्ये आदिस अबाबाला पोहोचलेल्या फ्रेंच मार्गाचा १,००० मिलिमीटर. सुदानची रेल्वे १९२४ मध्ये सरहद्दीजवळच्या कसाला येथे आली होती. दोन्ही मार्ग भेटले असते तरी प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागले असते. प्रत्येक साम्राज्याने आपापल्या बंदराची सोय पाहिली. या तीन आकड्यांत ते पुरेसे स्पष्ट दिसते.

घाटाचा भाग मुंबईकराला सर्वांत लवकर उमजतो, म्हणून त्यावर वेळ द्यावा. समुद्रसपाटीवरच्या मसावापासून अस्मारापर्यंत मार्ग सुमारे २,४०० मीटर चढतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेसातशे मीटर अधिक. सर्वांत तीव्र चढ ३.५ टक्के, आपल्या भाषेत साधारण २८ ला १. भोर घाटात हे प्रमाण ३७ ला १ असताना कर्जतपासून मागे जादा इंजिने लावावी लागतात, हे लक्षात घेतले की एरिट्रियातील अभियंत्यांपुढचे काम नीट कळते. वाटेत सुमारे तीस बोगदे आहेत आणि वळणे इतकी लहान त्रिज्येची की लांब इंजिन त्यांवर वळलेच नसते.

यावर त्यांनी योजलेला उपाय म्हणजे मॅलेट पद्धतीची इंजिने, आणि त्यांचे एखादे छायाचित्र मोठे करून अवश्य पाहावे. एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच असतात. मागचा संच पक्का बसवलेला असतो आणि पुढचा बिजागरीवर डावी-उजवीकडे वळतो. मागच्या लहान सिलिंडरांमध्ये उच्च दाबाची वाफ आधी काम करते, नंतर तीच वाफ पुढच्या मोठ्या सिलिंडरांकडे जाते. छायाचित्रात पुढचे सिलिंडर मागच्यांपेक्षा ठसठशीत मोठे दिसले, तर इंजिन याच जातीचे आहे असे ओळखावे. अन्साल्डो कंपनीची १९३८ ची इंजिने या मालिकेतील प्रसिद्ध. प्रवाशांसाठी फियाटच्या ‘लित्तोरिना’ मोटारगाड्या १९३५ पासून आल्या. त्याच सुमारास इथिओपियावरील आक्रमणाच्या सामानाचा भार रेल्वेला पेलवेना, म्हणून १९३७ मध्ये मसावा ते अस्मारा असा सुमारे ७२ किलोमीटरचा रोपवे उभारला गेला. तो त्या काळी जगातील सर्वांत लांब होता.

मराठी वाचकासाठी लिहिताना दुसऱ्या महायुद्धातील १९४१ ची केरेनची लढाई वगळू नये. डोंगोलास खिंडीतून सडक आणि रेल्वे दोन्ही जात, आणि ती इटालियन सैन्याने अडवून धरली होती. मार्चच्या मध्यावर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीने तेथील ‘फ्लॅट टॉप’ हा डोंगर घेतला, आणि महिनाअखेरच्या निर्णायक हल्ल्यात भारतीय ब्रिगेडने रेल्वेच्या बोगद्याचा आडोसा घेऊन खिंडीतील टेकाडांवर चढाई केली. रेल्वेचा नकाशा आणि लढाईचा नकाशा एकावर एक ठेवून पाहिल्यास हा प्रसंग चटकन समजतो.

उरलेला काळ लिहिताना भावुकता आवरावी लागते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर इथिओपियाविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात वाहतूक बंद पडली आणि दोन्ही बाजूंनी रूळ व स्लीपर खंदकांच्या छपरांसाठी उपसून नेले. स्वातंत्र्यानंतर सरकारने मार्ग स्वबळावर उभारायचे ठरवले. सत्तरी-ऐंशीतले निवृत्त फिटर, ड्रायव्हर, गँगमन परत बोलावले गेले, त्यांच्या हाताखाली तरुण दिले गेले, खंदकांतले रूळ गोळा करून पुन्हा अंथरले गेले, आणि २००३ मध्ये गाडी मसावाहून अस्मारापर्यंत पोहोचली. ही गोष्ट खरी आहे आणि विलक्षणही. परंतु केरेन, अगोर्दात आणि बिशियाकडचा मार्ग त्यात आला नाही, हे त्याच परिच्छेदात लिहावे. इंटरनेटवर दिसणारी वाफेच्या इंजिनांची बरीच छायाचित्रे परदेशी पर्यटकांनी ठरवून घेतलेल्या खास गाड्यांची असतात. म्हणून छायाचित्राखालची तारीख तपासावी, आणि ती नसेल तर त्या छायाचित्रावरून रोजच्या वाहतुकीविषयी कोणतेही विधान करू नये.