डाग पुसण्याआधी बघा

बारामतीत मी सेस्ना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानांची देखभाल करतो. विमान चालवायला शिकणारा नवा विद्यार्थी सकाळीच फडकं घेऊन विमान पुसायला लागला की मी लांबूनच ओरडतो. आधी तपासणी, मग सफाई. काय गळतंय आणि कुठून, हे डागावरून कळतं. तो पुसलात की आम्हाला काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून शोधत बसावं लागतं.

निळा डाग म्हणजे इंधन. १०० एलएल ॲव्हगॅस (या विमानाचं पेट्रोल) उडून जातं, पण त्याचा रंग मागे राहतो. पंखाखाली, ड्रेनभोवती (इंधनाचा नमुना काढायची तोटी) बघा. चाकाजवळ लाल ओल दिसली तर ब्रेकचं हायड्रॉलिक तेल. रिव्हेटभोवती काळपट काजळी असेल तर तो रिव्हेट हलतोय. अॅल्युमिनियम घासून ती भुकटी येते. एक्झॉस्टच्या जोडावर राखाडी पट्टा दिसला तर उड्डाण रद्द करा आणि मला बोलवा. केबिनची गरम हवा एक्झॉस्टच्या मफलरवरूनच तापून येते, त्यामुळे तिथे गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या नाकात. पोटावर तेलाचा ओघळ दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नका. आमच्या १७२एस मॉडेलच्या सम्पमध्ये (इंजिनाखालची तेलाची टाकी) ८ क्वार्ट तेल मावतं, एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर. काठोकाठ भरलं की बरीच इंजिनं वरचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बाहेर टाकतात. पण ५ क्वार्टच्या खाली असेल तर उडायचं नाही.

इंधनाचा नमुना घेताना घाई नको. १७२एसला पाच-पाच ड्रेन दोन्ही पंखांखाली आणि तीन पोटाखाली, असे १३ आहेत. पावसाळ्यात तेराही तपासा. पाणी तळाशी बसतं, मधे रेघ दिसते. पण कप अख्खा पाण्यानेच भरला असेल तर रेघ कुठून दिसणार? म्हणून आधी रंग बघा: निळा आहे ना? चुकून जेट इंधन भरलं गेल्याचा संशय आला तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. ॲव्हगॅस उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट ठिपका राहतो.

पिटोट ट्यूबमध्ये (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) कुंभारीण माशी चिखल भरते, त्यामुळे विमान उभं असलं की कव्हर हवंच. भोक बुजलेलं दिसलं तर तोंडाने फुंकू नका, वेग दाखवणारा एअरस्पीड इंडिकेटर खराब होतो. प्रोपेलरच्या पुढच्या धारेवरून नख फिरवा. खडीने पडलेली खाच डोळ्याला चुकते, नखाला नाही. किल्ली काढलेली असली तरी प्रोपेलर जिवंतच समजा. मॅग्नेटो म्हणजे इंजिनला ठिणगी देणारं यंत्र, असे दोन असतात; त्याची अर्थिंगची तार तुटली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. आणि खाच स्वतः कानशीने घासायला जाऊ नका. ते काम आणि त्याखालची सही परवानाधारक इंजिनिअरची.

दर ५० तासांनी आम्ही तेल बदलतो. तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलायचंच. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडतो, धातूचे कण शोधायला चुंबक फिरवतो. त्या वेळी हँगरमध्ये या, वर्गापेक्षा जास्त शिकाल. १०० तासांच्या तपासणीत प्रत्येक सिलिंडरला ८० पीएसआय (दाबाचं एकक) दाबाने हवा देऊन किती टिकते ते बघतो. ६० च्या खाली गेलं की सिलिंडर उतरवायचा विचार सुरू होतो. आकड्याइतकाच कानही लागतो: सू सू आवाज एक्झॉस्टमधून आला तर व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आला तर पिस्टनच्या रिंगा.

आता स्नॅग, म्हणजे विमानातला बिघाड, लिहिण्याबद्दल. "इंजिन रफ" एवढंच लिहून निघून जाऊ नका. १८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) एकेका मॅग्नेटोवर चालवून बघताना कोणत्यावर किती फेऱ्यांची घसरण झाली ते लिहा. १५० पेक्षा जास्त, किंवा दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त असेल तर विमान परत आणा. इंजिन थंड होतं की तापलेलं, तेही लिहा. डाग असेल तर रंग, जागा आणि बोटभर की तळहाताएवढा, हे नोंदवून मला दाखवा. मग खुशाल पुसा, म्हणजे पुढच्या उड्डाणानंतर परत आला की नाही ते कळेल.