वाळा, देवगांडूळ की साधं गांडूळ?

पावसाळ्यात कुंडी हलवली किंवा पालापाचोळा उपसला की वीतभर लांबीचं, काळपट तपकिरी काहीतरी वळवळत बाहेर येतं आणि बहुतेकदा 'सापाचं पिल्लू' म्हणून ठेचलं जातं. ते वाळा (सरपटणाऱ्यांतला बारीक, बिनविषारी साप) आहे, देवगांडूळ (बेडकासारखंच उभयचर, पण बिनपायाचं) आहे की साधं गांडूळ, हे पाच मिनिटांत कळतं. फक्त पाय नाहीत या खुणेवर जाऊ नका, पाय तिघांनाही नसतात.

आधी हात लांब ठेवा. डोकं काळं आणि शेपटीवर काळी कडी असलेला, काडीसारखा बारीक साप पोवळा असू शकतो, आणि तो विषारी आहे. मण्यार, फुरशाची पिल्लंही लहानच असतात. शंका आली तर लांबून फोटो काढा आणि तिथेच थांबा.

शंका नसेल तर पुठ्ठ्याने पांढऱ्या ताटात सरकवा आणि भिंगातून आधी कातडी बघा. कोरडी, चकचकीत, वळ्या नसलेली आणि कौलांसारखे बारीक खवले असतील तर तो वाळा. इथे एक गफलत नेहमी होते. सापाच्या पोटावर रुंद आडव्या खवल्यांची ओळ असते असं आपण शिकतो, म्हणून ती दिसली नाही की 'साप नाही' असा निकाल लागतो. वाळ्याचे खवले पाठीपोटाला सारखेच असतात. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. तो टोचतो, पण त्यात विष नाही. वाळ्यात फक्त माद्याच सापडतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. कुंड्यांच्या मातीतून हा साप जगभर पसरला तो त्यामुळेच.

कातडी ओलसर आणि अंगावर वळ्या असतील तर खरी अडचण सुरू होते, कारण देवगांडूळ आणि गांडूळ दोघंही असेच दिसतात. तोंड बघा. देवगांडुळाला जबडा, दात आणि नाकपुड्या असतात. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये इवलासा स्पर्शक असतो. गांडुळाला यातलं काहीच नाही. वाढ झालेल्या गांडुळाच्या पुढच्या भागात पट्टा दिसतो. शिवाय गांडूळ ताणतं-आखडतं. देवगांडुळाला पाठीचा कणा असल्याने ते तसं लांबत नाही, उघड्यावर नागमोडी वळवळतं.

'उभयचरांना खवले नसतात' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्यही इथे अडखळतं. अनेक देवगांडुळांच्या वळ्यांच्या आत बारीक खवले दडलेले असतात. अंडीही ती बेडकासारखी पाण्यात घालत नाहीत, ओल्या मातीत घालतात. आणि पाय नसण्याचंच म्हणाल तर अजगराच्या शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांचे अवशेष म्हणून नख्या असतातच.

देवगांडूळ निघालं तर ताटात फार वेळ ठेवू नका. ते कातडीनेही श्वास घेतं, आणि कोरडं पडलं की मरतं. हाताळावंच लागलं तर हात साध्या पाण्याने ओले करून. साबण, मीठ किंवा फिनेल जवळ नको. सापडलं त्याच जागी, पाल्याखालच्या ओल्या मातीत सोडा.